दातांनी ऐकणारा मिस्त्री

जंगलखात्याचा गोरा साहेब मायदेशी गेला, तेव्हा त्याची जुनी छोटी मोटार मी घेतली. ती आरमोरीत बंद पडली. तिथला एकुलता एक मिस्त्री म्हातारा आणि ठार बहिरा होता. आठ दिवस खपून त्याने इंजिन खोललं, धुतलं, पुन्हा जोडलं. मग लोखंडी सळईचं एक टोक दातांत धरलं, दुसरं धडधडत्या इंजिनावर टेकवलं आणि डोळे मिटून कार्बोरेटरचा स्क्रू पेचकसाने हळूहळू फिरवू लागला.

"बहिरा इंजिन लावून राह्यला!" नागपूरचा एक ड्रायव्हर खो खो हसला.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. ते हसणं त्याला दिसलं. सळई तोंडातून काढत तो म्हणाला, "कान गेले माह्ये. दात हायेत अजून."

सळई धोतराला पुसून त्याने ड्रायव्हरपुढे धरली. "घे. तू आयक."

ड्रायव्हरचा हात पुढे आला नाही. मग मीच ती दातांत धरली. इंजिन माझ्या डोक्यात एका लयीत, संथपणे घुमू लागलं.