गुणाजीचा नारळ आणि परदेशी यंत्र

गिरणी बंद पडल्यावर घाटकोपरच्या आमच्या चाळीतला गुणाजी अंधेरीला मी कारकून असलेल्या कंपनीत वॉचमन झाला, तोही हंगामी. शहाऐंशीच्या मे महिन्यात तो कायम होणार की घरी बसणार, हे ठरायचं होतं. कोकणातला माणूस अशा वेळी अर्ज करत नाही, जागेच्या राखणदाराला, म्हणजे तिथल्या रक्षक देवाला, नारळ देतो. गुणाजीने गाऱ्हाणं घातलं. गेटवर ठेवलेला नारळ कोणीतरी फोडून खाईल म्हणून त्याने तो तिथल्याच कोरड्या मुरमात पुरला.

त्याच सुमारास कंपनीने पुरलेला बॉम्ब शोधणारं परदेशी रडार आणलं. ते जमिनीत लाटा सोडायचं, आणि खाली काही वेगळं लागलं की पडद्यावर कमान उमटायची. पोलिसांनी ते घ्यावं म्हणून आमचे मॅनेजर चंद्रप्रकाश साहेब यांनी पोलीस अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं. खोटा बॉम्ब म्हणून साबणाची वडी गुलाबाच्या वाफ्यात पुरली. माळ्याला सांगायचं कोणाला सुचलं नाही. त्याने सकाळी वाफा भरपूर भिजवला. ओल्या मातीत लाटा जिरतात. यंत्र तीनदा फिरलं, पडदा कोराच.

साहेबांना घाम फुटला. यंत्र चालूच ठेवून परत नेताना गेटपाशी मात्र ठसठशीत कमान उमटली. यंत्र एवढंच सांगतं की खाली काहीतरी आहे. बाकीचं साहेबांनी सांगितलं, "खरा बॉम्ब आहे. मागे व्हा सगळे."

बोललो तर नोकरी गेली, हे गुणाजीला कळत होतं. तरी तो पुढे झाला. मला त्याचं अजून कौतुक वाटतं.

"साहेब, ता बॉम्ब नाय. नारळ आसा. मियाच पुरलंय."

"मशीन परदेशी आहे. तुला जास्त कळतं?"

गुणाजीने हातांनी मुरूम उकरला आणि नारळ साहेबांच्या हातात दिला.

पोलीस अधिकारी हसले. साहेब त्यांच्याहून मोठ्याने हसले आणि म्हणाले, "हाच तर आमचा नमुना होता." यंत्र खपलं. दुसऱ्या दिवशी पाणी घालताना वाफ्यातून फेस आला, तेव्हा माळ्याला मेमो मिळाला.

गुणाजी कायम झाला. पत्रात काम लिहिलं होतं: गेट सांभाळणे, आणि प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी कोरड्या जागी नारळ पुरणे.

"राखणदार पावलो," त्याची बायको सुगंधा म्हणाली.

"पावलो गो," गुणाजी म्हणाला. "आता बॉम्ब पुरणाऱ्यांका कोणीतरी सांगूक व्हया, कोरड्या मातीतच पुरा म्हणून."