दाराखालची पायरी

नवमीच्या सकाळी मी गाडीच्या टपावर चढून शेवाळ घासत होतो. खाली आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होती.

ती पहिल्यांदाच इथं आली होती, मुळशीत, जिथं आमची कॅराव्हॅन उभी असते. हिंजवडीच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाला उंचीचा अडसर आहे, त्याखालून ही गाडी जात नाही. म्हणून धरणाच्या अलीकडे एका शेतकरी काकांच्या भातखाचराशेजारी मुरूम टाकून घेतला आणि तिथं ती लावली. दर रविवारी मी तिची निगा राखायला येतो. घरी सगळ्यांना हे पाठ झालं आहे. रविवार आला की मुलगी म्हणते, "बाबा आंघोळ घालायला निघाले."

आंघोळ हा शब्द तसा बरोबरच आहे. मुळशीच्या पावसात पांढऱ्या गाडीचं जे होतं ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. टपावर शेवाळ धरतं. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून काळे ओघळ उतरतात. वर जांभळाची फांदी आहे, तिचे डाग वेगळे. उन्हाळ्यात फायबरवर हात फिरवला की खडूसारखी भुकटी हाताला लागते. मी आधी टप धुतो, मग बाजू. सांध्यांतलं सिलंट बोटानं दाबून पाहतो, कुठं उललं असेल तर खरवडून नवीन भरतो. खिडक्यांच्या रबराला सिलिकॉन लावतो. शेवटी मेण, गोल गोल हात फिरवत. आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये कुणी भेटलं आणि गाडीविषयी विचारलं, तर मला या सगळ्यावर बराच वेळ बोलता येतं. कुठं कुठं फिरलात, असं मात्र विचारू नये.

गाडी आईसाठी घेतली होती. तिच्या गुडघ्यांनी आणि लघवीच्या त्रासानं साधा प्रवास अशक्य झाला होता, आणि तिची धाकटी बहीण, माझी मावशी, नांदेडकडच्या गावात अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज फोनवर बोलतात. मावशीला आता नीट ऐकू येत नाही, म्हणून आई ओरडून बोलते आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जातं: "येते गं! गाडी झाली की येते!" गाडी झाली की. संडास असलेली, पलंग असलेली गाडी घेऊन आम्हाला दोन वर्षं होत आली, तरी ती झालेली नव्हती. कधी सिलंट वाळायचं असायचं, कधी टप गळायचा, कधी मेणाचा दुसरा हात बाकी असायचा.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. घरी आईला संडासला नेणं, स्वच्छ करणं, कपडे बदलणं हे सगळं माझी बायको करते. मी कधीच केलेलं नाही. दार लागलं की मी टीव्हीचा आवाज वाढवतो. नोकरी आणि मुलीची बारावी सोडून बायकोला प्रवासाला येता येणार नव्हतं. म्हणजे वाटेत आई आणि मी, दोघंच. या एका विचाराशी येऊन मी थांबायचो आणि मेणाचा डबा उघडायचो.

खंडेनवमीला गाडीची पूजा करायचीच म्हणून आई हट्टानं आली. तिला छोट्या कारनं आणताना वाटेत दोनदा थांबावं लागलं. दोन्ही वेळा ओळखीच्या घरांपाशी, तिथल्या बायकांच्या स्वाधीन करून मी बाहेर उभा राहिलो.

"कशाला येवढं घासायलास?" आई खालून ओरडली. "कातडं निघंल तिचं!"

काका बांधावरून येत होते. ते हसले. "आजी, तुमच्या लेकाचा लई जीव हाय गाडीवर. पर मला येक सांगा, साहेब, गाडी तोंड आत करून का लावली? सगळी लोकं तोंड रस्त्याला करून लावत्यात."

"जागा तशीच होती," मी म्हणालो.

"जागा न्हाई वो. ज्याला जायाचंय त्यो रस्त्याला तोंड करतो."

मी खाली उतरलो, हात पुसले. आईनं झेंडूचा हार दिला, तो मी आरशांना अडकवला. ती कुंकू कालवून उठली, माझ्या खांद्याला धरून बॉनेटशी गेली आणि बोटानं स्वस्तिक काढू लागली. कुंकू धरेना. थेंब थेंब होऊन खाली ओघळलं. तिनं पदरानं पुसून पुन्हा काढलं. पुन्हा ओघळलं.

"काय लावलंस रे हिला? कुंकूसुद्धा धरेना."

"मेण आहे, आई. पाणी टिकू नये म्हणून."

ती गाडीला धरून धरून दाराशी आली. दाराखाली घडीची पायरी आहे, ओढली की बाहेर येते. यायला हवी. तिनं वाकून ओढली. पायरी हलली नाही. गंजून धरली होती. मी इतके रविवार खिडकीच्या रबरापर्यंत सगळं चकचकीत केलं होतं आणि तिच्या पायासाठी असलेली ही एक वस्तू बाजूबाजूनं धुऊन तशीच ठेवली होती.

"ही कधीपासून अशी?"

"पहिल्या पावसापासून."

उरलेलं कुंकू तिनं त्या गंजावर लावलं. तिथं ते धरलं.

मग लिंबं. पुढच्या दोन्ही चाकांखाली तिनं एकेक ठेवलं आणि म्हणाली, "बसव मला आत. रिकामी गाडी लिंबावरून काढत नसतात." काकांनी आणि मी तिला खुर्चीसकट उचलून दारात ठेवलं. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली, पदर सावरला. मी किल्ली फिरवली. मनात म्हणत होतो, चालू होऊ नये. झाली.

लिंबं फुटल्याचं कळलंसुद्धा नाही. मी ब्रेकवर पाय ठेवला.

"येवढीच?" आई म्हणाली. "जरा पुढं घे की."

मी घेतली. गाडीचं तोंड आत होतं, आणि पुढं मुरूम संपत होता, हे मला ठाऊक होतं. पुढची चाकं खाचराच्या ओल्या कडेवर गेली आणि हळूच, बसकण मारल्यासारखी, खाली बसली. मागं घ्यायला गेलो तर चिखल खिडक्यांपर्यंत उडाला.

काका काचेशी आले. "आता निघत न्हाई. ट्रॅक्टर लागंल. पर आज न्हाई हां, साहेब. सकाळी पूजा झालीया, आज औजाराला काम सांगत न्हाईत. उद्या दसऱ्याला पयली तुमचीच वढतो."

मी म्हणालो, आईला उतरवू या, कारनं घरी जाऊ.

"मी नाही उतरत," आई म्हणाली. "रोज चौदाव्या मजल्यावर बसून असते, आज इथं बसते."

"आई, पण... तुझं कसं जमेल?"

"कसं म्हणजे? संडास आहे ना आत? त्यासाठीच घेतली होती ना गाडी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला ठाऊक आहे. टीव्हीचा आवाजही तिनं ऐकला असणार.

दिवसभरात काकांच्या घरच्या काकू दोनदा येऊन आईला संडासला नेऊन गेल्या. संध्याकाळी त्यांनी भाकरी आणि मासे पाठवले. आई मांसाहार करत नाही. तिनं भाकरी दुधात कुस्करली. जेवण झालं आणि तिनं हाक मारली. गाडी पुढं कललेली, जागा कपाटाएवढी. मी तिला दोन्ही काखांत धरून उभं केलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"इकडं बघ," ती म्हणाली. "मान वळवलीस तर पडेन मी."

मी पाहिलं. साडी कशी वर धरायची, पाणी किती घ्यायचं, हे ती सांगत गेली, लहानपणी बुटाची नाडी शिकवताना सांगायची तशी. मला लाज वाटली, किळसही आली. नाही म्हणणार नाही. तीही डोळे मिटून होती. पलंगावर बसवल्यावर म्हणाली, "तुझ्या बायकोचे हात गरम असतात. तू आधी पाणी कोमट कर पुढच्या वेळी."

पहाटेच्या आतच ती पुढची वेळ आली. मी पाणी कोमट केलं.

सकाळी काका हार घातलेला ट्रॅक्टर घेऊन आले. साखळी लावली, गाडी उलटी ओढत मुरमावर आणली, तशीच वळवून रस्त्याकडे तोंड करून उभी केली. दोन्ही बाजू चिखलानं माखलेल्या. "घ्या, महिनाभराचं धुणं झालं," काका म्हणाले. मी काही विचार न करता पाइपाकडे गेलो. नळ सोडलासुद्धा.

आईनं खिडकीची काच सरकवली. फोन तिच्या कानाशी होता, पलीकडे मावशीचं हॅलो हॅलो चाललेलं मला ऐकू येत होतं.

"पाइप ठेव," आई म्हणाली. "तोंड बाहेर झालंय ना? आता परत फिरवू नकोस."

बायकोला फोन करून आईची औषधं आणि साड्या भरायला सांगितल्या. पाणी अजून वाहत होतं. जाऊन नळ बंद केला.