दादाच्या दारातला पहारा

सख्ख्या भावाच्या जिवावर मी एकदा उठलो होतो, आणि तेसुद्धा तोंडाला मास्क लावून.

आमचा दादा फौजेतून निवृत्त होऊन आटपाडीला आला आणि वर्षभरात त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. वहिनींनी आपली एक दिली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून औषधं देऊन यांची प्रतिकारशक्ती कमी केलीय. तुम्हाला साधा वाटणारा विषाणू यांच्या जिवावर बेतेल." मी ते फार मनावर घेतलं. (घरात मला कुणी कसलीच जबाबदारी देत नसे, म्हणून ही मी आपणहून घेतली.)

दारात आडवी दोरी बांधली, बादली-साबण मांडला आणि खुर्ची टाकून बसलो. पहिल्याच दिवशी सरपंचांना अंगणातून परत पाठवलं. मग आक्का आली, आमची बहीण, वाईहून गाड्या बदलत. अंगणात तिला एक शिंक आली.

"आक्का, माघारी जा."

"आरं, धुळीची शिंक हाय ती. लांबनं तरी बघू दे दादाला."

"न्हाई म्हंजे न्हाई."

दादानं खिडकीतून हात हलवला. ती डोळ्यांना पदर लावून दुपारच्या एसटीनं गेली. मला स्वतःचा अभिमान वाटला.

त्याच आठवड्यात माझ्या पाठीची आग व्हायला लागली, फोड उठले. शेजारच्या तात्यांनी सदरा वर करून पाहिलं. "नागीण हाय रं ही. काव लाव." तांबड्या मातीची ती काव पाठीला फासून मी पुन्हा खुर्चीवर! घरात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहारा कोण देणार? दादाला अंघोळ मीच घालायचो, आणि माझ्याच टॉवेलनं त्याचं अंगही पुसायचो.

चौथ्या दिवशी वहिनींनी टॉवेल धुवायला घेतला.

"भावजी, हे तांबडं कसलं?"

मी सांगितलं. वहिनींनी टॉवेल तिथंच टाकला.

त्यांनी सांगलीच्या डॉक्टरांना फोन केला. "नागिणीचा आणि कांजिण्यांचा विषाणू एकच. पेशंटला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?" हे सांगायला आई आता नव्हती. आक्का होती. फोन मलाच लावावा लागला.

"तुला न् मला झाल्या. दादाला तवा मामाकडं ठिवला हुता," ती म्हणाली. "का रं?"

मला तिला टॉवेलचं सांगावं लागलं.

औषध लगेच सुरू झालं, तरी दोन आठवड्यांनी दादाच्या अंगावर फोड उठलेच. ताप चढला. सांगलीच्या दवाखान्यात त्याला सलाईन लागलं. वहिनी रिपोर्ट हातात धरून डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत राहायच्या. मी बाहेर बाकावर. दादा वाचला. किडनी तगली, पण पूर्वीसारखी चालत नाही. "फौजेत दुश्मन समोरनं यायचा, गड्या," एवढंच दादा बोलला. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सध्या आक्का इथंच राहते आणि दार तिच्याकडं आहे. पाहुण्यांना ती हात धुवायला लावून, मास्क देऊन आत घेते. मला मात्र वेगळा नियम. चोपन्न वर्षांचा मी अंगणात सदरा काढतो, हात वर करून गोल फिरतो, आणि ती चष्मा लावून माझी पाठ तपासते. परवा ही तपासणी चालू असताना नवा पोस्टमन आला, टपाल दिलं, थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "पाव्हणं, तुमी कुणाकडं आलाय?"