खड्ड्यावरच्या फरश्या

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या मुलींना घेऊन शाळेमागे गेले, तर आमच्या खड्ड्याच्या जागी सिमेंटच्या फरश्या चकचकत होत्या. त्या खड्ड्यात उतरून मी भूगोल शिकवायचे. वर काळी माती, खाली मुरूम, तळाला खडक. उन्हापावसाने तो झिजून माती व्हायला हजारो वर्षं लागतात आणि मातीने धरलेल्या ओलीवरच थंडीतली ज्वारी वाढते, हे मुली हाताने चाचपून शिकायच्या. मुख्याध्यापिका सुनंदा माझी मैत्रीण. खड्डा बुजणार नाही, असा शब्द तिनेच दिला होता.

"अगं, पालकांच्या गाड्या कुठे लावायच्या?" मी तिथूनच फोन केला तेव्हा ती सहज म्हणाली. गाड्यांचं काही नाही; मला आधी सांगावंसंही तिला वाटलं नाही, ते लागलं.

"बाई, आता इथे पाणी कसं मुरणार?" एका मुलीने विचारलं.

"चला, मोठ्या बाईंनाच विचारू," मी म्हटलं आणि अख्खा वर्ग सुनंदाच्या दारात नेऊन उभा केला.