अंगावरचे कपडे

बाथरूममधल्या प्लास्टिकच्या स्टुलावर मी बसले होते. अंगाला टॉवेल. टॉवेल कुत्र्याचा. त्याचे बारीक पांढरे केस माझ्या घामेजल्या पाठीला चिकटत होते. माझा युनिफॉर्म बाहेर होता. दुसऱ्या बाईच्या अंगावर.

दाराला बाहेरून कडी नव्हती. लावायची गरजच नव्हती.

समोरच्या हुकाला एक गाऊन लटकत होता. निळा, चकचकीत, जमिनीपर्यंत लांब. त्याच्या चुण्या जाव्यात म्हणून मॅडमनी गरम पाण्याचा नळ सोडून ठेवला होता. वाफेत कापड सरळ होतं म्हणे. वाफ गाऊनसाठी होती. मी तिच्यात फुकट उकडत होते.

"फक्त फिफ्टीन मिनिट्स," मॅडम म्हणाल्या होत्या.

मी मारतहळ्ळीतल्या एका सोसायटीत हाऊसकीपिंगला होते. पाच वर्षं. गाव निपाणीकडचं. घरात मराठी, बाजारात कन्नड, इथे कामावर जमेल तशी हिंदी. मॅडम नवव्या मजल्यावर राहायच्या, पुण्याच्या. फोटो काढणं हे त्यांचं काम. एकदा लिफ्टपाशी मी फोनवर मराठी बोलताना त्यांनी ऐकलं आणि त्या थांबल्याच. "अय्या, तू आपली आहेस की." त्या दिवसापासून मी त्यांची 'आपली'. कुंड्या हलवायच्या, तू आपली आहेस. कुत्रा फिरवायचा, तू आपली आहेस. हे शब्द आले की मागून काम येणार, हे मला कळत होतं. तरी ऐकायला बरं वाटायचं. परक्या मुलखात आपल्या भाषेची भूक असते, आणि भुकेलं माणूस फसतं. मी फसले.

शुक्रवारी त्यांनी मला थांबवून सांगितलं. परीकथेतल्या नायिका आज असत्या तर कशा जगल्या असत्या, त्याचे फोटो त्या काढत होत्या. मनोऱ्यात कोंडलेली मुलगी पेइंग गेस्टच्या जाळीच्या खिडकीत. जंगलात वाट चुकलेली मुलगी रिंग रोडच्या पुलाखाली. आणि राख उपसणारी मुलगी सोसायटीत मॉप मारताना. मग तीच मुलगी, त्याच जागी, गाऊनमध्ये.

"मला रिअल हवंय सगळं," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी ये. युनिफॉर्मवरच ये."

मला वाटलं, माझा फोटो काढणार. दुसरं काय वाटणार? मी घरी जाऊन पोरीला सांगितलं. सात वर्षांची आहे. ती म्हणाली, "आई, तू परी होणार?" मी म्हणाले, व्हय. त्या रात्री मी युनिफॉर्म धुतला. सकाळी शेजारणीची इस्त्री मागून आणली. केस विंचरून मोगरा माळला. एवढी तयारी मी लग्नानंतर कधी केली नव्हती. आज आठवलं की माझा मलाच राग येतो. मग वाटतं, माझा का? मी काय चुकीचं समजले होते?

इस्त्री बघून मॅडमचा चेहरा पडला. "अगं, इस्त्री कशाला केलीस?"

तरी त्यांनी मला भिंतीपाशी मॉप घेऊन उभं केलं. अर्धा तास. दिवे इकडे, दिवे तिकडे. "हनुवटी वर. हलू नकोस." मी हलले नाही. श्वाससुद्धा जपून घेत होते. मग बेल वाजली आणि एक मुलगी आली. उंच, गोरी, केस मोकळे. मॅडम मला म्हणाल्या, "लाईट सेट झाला. आता तू बाजूला हो."

मी बाजूला झाले.

तिच्यासाठी नवा युनिफॉर्म विकत आणलेला होता. तो घालून ती उभी राहिली. कडक, करकरीत. नाटकातली मोलकरीण वाटत होती. मॅडमनी कॅमेऱ्यात पाहिलं, मान हलवली आणि माझ्याकडे वळल्या. माझ्या चेह‍ऱ्याकडे नाही. कपड्यांकडे. ब्लीच सांडून पडलेला खालचा पांढरा डाग, विटलेली कॉलर, कोपरापाशी घातलेले टाके.

"तुझा दे ना हिला. तू आपली आहेस म्हणून विचारते."

घरून मी युनिफॉर्मवरच यायचे. तळघरातली आमची कपडे बदलायची खोली सोसायटीने सामान ठेवायला घेतली होती. अंगावरचे सोडले तर माझ्याकडे दुसरे कपडे नव्हते. मी म्हणाले, "मॅडम, आज शनिवार. पोरीची शाळा साडेअकराला सुटती. मला जायाचं हाय."

"त्याच्या आत देते गं. फिफ्टीन मिनिट्स."

त्यांनी मला बाथरूममध्ये पाठवलं आणि दाराच्या फटीतून टॉवेल दिला. "हा घे, मोतीचा आहे, पण धुतलेला आहे." मी युनिफॉर्म फटीतून बाहेर दिला. ती मुलगी दिवे हलवणाऱ्या पोराला म्हणाली, "परफ्यूम दे जरा." फुस्स आवाज आला. पुन्हा आला. आदल्या रात्री मी साबण लावून धुतलेला कपडा होता तो. नंतर कापड मुठीत चुरगाळल्याचा आवाज आला. ते माझी इस्त्री मोडत होते.

मला माझी आई आठवली. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. सणाच्या आदल्या दिवशी आई मोठ्या घरापुढे उभी राहायची आणि वरच्या ओट्यावरून तिच्या पदरात जुने कपडे पडायचे. हातात कुणी देत नसे. हाताला हात लागेल म्हणून. वरून टाकायचे. एखादा जमिनीवर पडला की आई वाकून उचलायची, आणि मी तिच्या मागे उभी राहून ते बघायची. मी त्या घरातल्या मुलींचे फ्रॉक घालून शाळेत जायचे, आणि त्या मुली वर्गात सांगायच्या, हिचा फ्रॉक माझा आहे. आमच्याकडे कपडे असे वरून खाली आले. त्या दिवशी पहिल्यांदा कपडा खालून वर गेला, तर तोही चुरगाळून, वास मारून.

आई गोष्ट सांगायची एक. परी तळ्यात आंघोळीला उतरते, एकजण तिची वस्त्रं लपवतो. वस्त्रांशिवाय तिला उडता येत नाही. मग ती त्याच्या घरी जाऊन त्याचा संसार करते. लहानपणी ती गोष्ट मला आवडायची. पाण्यात बसून राहिलेल्या परीला किती वेळ वाट बघावी लागली, ती काय करत होती, हे मी आईला कधी विचारलं नाही. आता विचारायची गरज उरली नव्हती.

बाहेर माझा फोन वाजला. फोन पँटच्या खिशात राहिला होता. मी दार ढकललं, हाक मारली, "मॅडम, फोन." कुणी ऐकलं नाही. आवाज बैठकीतून दारापाशी गेला. दारातून बाहेर गेला. लिफ्टचं दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि वाजणारा फोन खाली निघून गेला.

घर एकदम शांत झालं. नळ तेवढा चालू.

मी पुन्हा हाक मारली. आत कोंडलेला कुत्रा भुंकला. बस. ते सगळे खाली गेले होते, आणि मी वर आहे हे कुणाच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

वेळ कळायला मार्ग नव्हता. मी पोरीचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि तिचाच करत राहिले. शनिवारी शाळेचं फाटक लगेच बंद होतं. समोर पाण्याचे टँकर भरतात. ड्रायव्हर मागे न बघता टँकर मागे घेतात. मी पोरीला बजावलेलं, मी आल्याशिवाय जागचं हलायचं नाही. आणि माझी पोर ऐकते. त्याचीच मला भीती वाटत होती. टँकर मागे आला तरी ती हलणार नाही.

मग खालून घरघर सुरू झाली. दर शनिवारी बाराला सोसायटीचा जनरेटर चालवून बघतात.

बारा वाजले. शाळा सुटून अर्धा तास झाला होता.

मी बाहेर आले. बेडरूममधलं कपाट उघडंच होतं. कपडे खच्चून भरलेले. हात घातला असता तर माझ्या मापाचं काहीतरी मिळालं असतं. पण आमच्यातल्या एका बाईला मागल्या वर्षी एका घड्याळासाठी चोर ठरवून काढलं होतं, आणि ते घड्याळ नंतर सोफ्याखाली सापडलं. मी कपाटाला हात लावला नाही. बाथरूममध्ये परत गेले आणि हुकावरचा गाऊन काढला. गरम होता, ओलसर होता. अंगात घातला. मागची चेन अर्ध्यावर अडकली. उघड्या पाठीवर कुत्र्याचा टॉवेल घेतला.

आम्हांला सामानाच्या लिफ्टने जायचा नियम आहे. ती लिफ्ट फार हळू येते. मी मोठ्या लिफ्टचं बटण दाबलं. पाच वर्षं तिचा आरसा पुसला होता, तिच्यातून खाली कधी गेले नव्हते.

खाली लॉबीत गार्ड अण्णा खुर्चीवरून ताडकन उठून उभा राहिला. मग त्याने माझा चेहरा पाहिला आणि तो खाली बसला.

ते कचऱ्याच्या खोलीपाशी होते. ती मुलगी माझ्या युनिफॉर्ममध्ये डब्याला टेकून उभी, गालाला काहीतरी काळं फासलेलं. माझा फोन कठड्यावर पडला होता. मी पुढे झाले. मॅडमनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, अगंबाई, विसरलेच.

त्या म्हणाल्या, "ओ माय गॉड. हलू नकोस." आणि कॅमेरा वर केला.

एक फोटो. दुसरा. तिसरा.

"माझी कापडं द्या."

"एक मिनिट. एकच. तसंच बघ माझ्याकडे, रागाने."

मला रागाने बघायला सांगत होत्या. माझा रागसुद्धा त्यांना हवा होता. मी चालत गेले आणि त्यांच्या कॅमेऱ्याच्या काचेवर पंजा ठेवला. पूर्ण, घट्ट. काच माझ्या घामाने माखली.

"पोरगी रस्त्यावर उभी हाय माझी. कापडं काढायला सांगा तिला."

"अगं, इथे? ती वर जाऊन..."

"मी वर जायाची न्हाई. हितंच."

मी आणि ती मुलगी कचऱ्याच्या खोलीत गेलो. मी आतून कडी लावली. तिने युनिफॉर्म काढून दिला. मी गाऊन काढून माझे कपडे घातले आणि गाऊन हातात धरून उभी राहिले. ती कोपऱ्यात, दोन्ही हात छातीशी घेतलेले. वास, माशा, ओली जमीन. ती माझ्याकडे बघत होती. गाऊन घेऊन मी निघून जाईन अशी भीती तिच्या डोळ्यांत दिसली. खोटं सांगत नाही, तो विचार माझ्या मनात आला. पंधरा मिनिटं. फक्त पंधरा.

मी गाऊन तिच्या हातात दिला. टाकला नाही. हातात दिला.

फोनवर अकरा मिस्ड कॉल होते. पळता पळता मी उचलला तो बारावा. शाळेतली स्वयंपाकीण अक्का होती. "स्वल्प बेग बन्नी, मगु अळ्ता इदे." लवकर या, लेकरू रडतंय. लेकरू रडतंय म्हणजे लेकरू आहे. मी रस्त्यातच मोठ्याने रडले, आणि पळत राहिले.

अक्काने तिला टँकरच्या वाटेतून ओढून पायरीवर बसवलं होतं. ओढावं लागलं, म्हणाली. हलतच नव्हती. पोरीचा एक बूट तिथेच चिखलात रुतून राहिलेला, आणि बुटापासून वीतभर अंतरावर चाकाची खूण. काही झालं नाही. लोक म्हणतात, काही झालं नाही ना, मग सोड. मी ती खूण पाहिली आहे. मी सोडणार नाही.

पोरीने डोळे पुसले आणि विचारलं, "आई, काढला फोटो?"

मी तिचा बूट चिखलातून उपसायला वळले.

सोमवारी मॅडम एक पिशवी घेऊन खाली आल्या. पोरीसाठी त्यांच्या भाचीचे फ्रॉक. शिवाय त्यांनी फोनवर मला माझा फोटो दाखवला. गाऊन, टॉवेल, मोगरा अर्धा निसटलेला, डोळे पेटलेले. "बघ किती पॉवरफुल आलाय. सगळ्या सिरीजमध्ये बेस्ट. एक्झिबिशनला हाच मधोमध लावणार. खरी नायिका तूच आहेस गं."

"पुसा तो."

"असं काय करतेस? तू आपली आहेस ना?" मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "मोठ्या लिफ्टचं मी तुझ्या सुपरवायझरला काही सांगितलं नाही हं."

तेव्हा मला त्या माणसाचा चेहरा दिसला, तळ्याकाठी वस्त्रं घेऊन हसत उभा असलेला.

मी पिशवी त्यांच्या हातात परत दिली. "तुमची न्हाई मी. तेवढं सोडून बोला." तिथूनच सुपरवायझरच्या टेबलापाशी गेले आणि मोठ्या लिफ्टचं स्वतः सांगितलं, का गेले तेही सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि आठ दिवसांत माझी बदली इलेक्ट्रॉनिक सिटीला केली. आता दोन बस बदलून जाते. पहाटे निघते. शनिवारी पोरीला शाळेतून अक्का आपल्या घरी नेते. मी डबा आणि एक जोड कपडे जास्तीचे नेते, रोज.

पोरीच्या अंगावर कुणाचा उतरलेला कपडा चढणार नाही. दिवाळीला एकच फ्रॉक येईल, पण तो दुकानातून, तिच्या मापाचा येईल. आणि मी आल्याशिवाय हलायचं नाही, हे मी तिला आता सांगत नाही. हलायचं. ओरडायचं. हात लावणाऱ्याचा हात झटकायचा. हे शिकवते.

तो फोटो त्यांनी पुसला का, मला माहीत नाही. पुसला नसणार. कुठल्यातरी गार हॉलमध्ये पांढऱ्या भिंतीवर तो लागेल, लोक हातात ग्लास धरून त्यापुढे उभे राहतील आणि मला नायिका म्हणतील. मी शोधते आहे. सोसायट्यांतल्या बायकांना सांगून ठेवलंय, असे हॉल झाडणाऱ्या आमच्याच बायका असतात. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी मी पुढच्या दाराने आत जाईन आणि माझ्या हाताने तो भिंतीवरून उतरवीन. कुणी अडवलं तर तिथेच उभी राहून हे सगळं सांगेन, या टॉवेलपासून त्या चाकाच्या खुणेपर्यंत.

त्या दिवशी माझ्या अंगावर माझे कपडे असतील.