भिंतीलगतची स्वच्छ विहीर

चिखलीला जाणाऱ्या एसटीत मी मांडीवर बर्फाची पेटी घेऊन बसले होते. "मॅडम, कुल्फी काय?" कंडक्टरनं विचारलं. रिकाम्या बाटल्या आहेत म्हटल्यावर त्यानं मला सरळ वेड्यांत काढलं असावं, कारण पुढे तो तिकीटसुद्धा जपूनच देऊन गेला.

माझं काम प्रयोगशाळेत पाणी तपासण्याचं. अमडापूरच्या पुढे एका खेड्याला लागून लष्कराचा गाड्या दुरुस्तीचा डेपो आहे. इंजिनाचे भाग ज्या द्रावणानं धुवायचे, ते वर्षानुवर्षं मागच्या खड्ड्यात ओतलं गेलं आणि जमिनीतून विहिरींत उतरलं. गावातल्या विहिरी बंद झाल्या, टँकर चालू झाला. पण डेपोच्या भिंतीला अगदी चिकटून असलेल्या एकाच विहिरीचा अहवाल स्वच्छ! त्यामुळे त्या घराला टँकर नाही. हे मला काही केल्या पटेना, म्हणून निघाले.

चिखलीहून पुढे जीप मिळाली आणि रस्त्यानं हाडं खिळखिळी केली. दोन्हीकडे सोयाबीन निघालेली काळी रानं, मध्येच तुरीचे पट्टे. डेपोतल्या सुभेदारांनी चहा पाजला, खड्डा दाखवला. आता त्यावर सिमेंट आहे.

विहीर जैतूनबी चाचींची. घराभोवती वांगी आणि सांबार (कोथिंबीर) लावलेला. मुलगा भाजी घेऊन बाजाराला गेलेला, सून नाझिया ओट्यावर लसूण सोलत होती. तिचे दिवस भरत आले होते.

"या बाई, बसा. अगोदर पाणी प्या."

न तपासलेलं पाणी मी प्यायला नको होतं, पण समोर आलेल्या तांब्याला नाही कसं म्हणणार? प्यायले. गार, गोड पाणी. वास कसला तो नाहीच.

"चाची, बाटलीत थोडं पाणी भरून न्यायचंय."

"घ्या की. पाहुण्यायसाठी माठात काढून ठेवलेलंच असते. मागच्या साहेबायलेही यातलंच देल्लं."

मी बाटलीचं झाकण परत लावलं. "म्हणजे विहिरीचं नाही?"

"विहिरीचंच हाये ना बाई. पण पाहुण्याले तसंच कसं द्याव? वास येते त्याले, रंगाच्या डब्यावानी. रातभर परातीत पसरून ठेवतो, सकाळी या भांड्यातून त्या भांड्यात वरून ओततो, मंग फडक्यानं गाळतो. वास पार निंघून जाते."

मी कपाळाला हात लावला. हे द्रावण हवेत उडून जातं. म्हणून तर नमुन्याची बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही. आणि आमचे शहाणे सावलीत बसून हातात आलेलं पाणी भरून गेले! विहिरीपर्यंत जायला पाय दुखले होते काय? असा संताप आला की बोलायची सोय नाही.

मी विहिरीवर जाऊन मोटर लावायला सांगितली. बराच वेळ पाणी वाहू दिलं आणि पाइपाखालीच बाटल्या भरल्या. गोडसर, डोक्यात जाणारा वास आलाच. तेवढ्यात नाझिया आली, पाइपाखाली पेला धरला आणि तोंडाला लावला. मी तो हिसकावूनच घेतला.

"काऊन?" ती दचकली.

"घरात सगळे हेच पिता?"

"घरच्यायले कोन गाळत बसते?" चाची हसल्या.

त्या दोघींना हे पाणी पिऊ नका म्हणून बजावलं, पेटी उचलली आणि मिळेल त्या गाडीनं परत आले.

निकाल आला. त्या गावातलं सगळ्यांत वाईट पाणी त्याच विहिरीचं होतं. टँकरची व्यवस्था लावून मी चाचींना फोन केला. नाझियाला डॉक्टरांकडे न्या, म्हटलं. लेकराला काही होईल का, असं त्यांनी विचारलं. ते डॉक्टरच सांगतील, म्हटलं.

"चूक तुमची नाही, चाची. ज्यांनी ओतलं त्यांची, आणि विहिरीपर्यंत न आलेल्या आमच्या माणसांची."

"हाव बाई," त्या म्हणाल्या. "पण पाहुण्यायले गाळून पाजलं, अन् माह्या सुनेले तसंच."