कंसातलं नाव

पुस्तक गायब करण्याचे जगात जेवढे मार्ग असतील, त्यातला सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे आमच्या विद्यापीठ ग्रंथालयातल्या सूचीवाल्या मामांनी त्याची नोंद करणं. जे छापलंय तेच खरं, हा मामांचा धर्म. कपिलधारच्या धबधब्यावरची एक पुस्तिका मी महिनाभर शोधली. निघाली 'अंकगणित' विषयात! पुढची पानं फाटलेली आणि मलपृष्ठावर पाढे छापलेले. "मामा, हे काय?" तर म्हणाले, "पाढे छापलेत ना? मंग!" संगणक आला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. मामांनी आपली एकूण एक चूक भक्तिभावाने त्यात चढवली.

माझं त्यांच्याशी खरं भांडण झालं ते नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पत्रकावरून. गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देईनात, तेव्हा नानांनी पत्रक लिहिलं, धारूरला छापून घेतलं. घरादारावर हल्ला नको म्हणून खाली सही केली, 'एक गावकरी'. आता नाना नाहीत. घरातली शेवटची प्रत वाळवीने खाल्ली. माझ्या प्रबंधात तो संदर्भ मला नानांच्या नावानिशी हवा होता. सूचीत त्यांच्या नावाने शोधलं, विहिरीच्या नावाने शोधलं, काही नाही. शेवटी मामाच म्हणाले, "छापखान्याच्या नावानं बघ की पोरी. लिहिणारा लपतो, छापणाऱ्याला नाव टाकावंच लागतं."

पत्रक मिळालं. मी म्हटलं, "आता लेखक म्हणून नानांचं नाव टाका."

"काहून? छापलंय का?"

"माझ्या बापानं लिहिलंय! मी शेजारी बसून पाहिलंय!"

"पाहिलं असशील. पर तू छापील न्हाईस."

मग मी त्यांना भर वाचनालयात विहीर अडवणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं. माणसापेक्षा कागद मोठा मानणारे सगळे एकाच जातीचे, असंही सुनावलं. मामा चष्मा पुसत राहिले. मी प्रबंधात दात-ओठ खात 'लेखक अज्ञात' लिहिलं.

गेल्या आठवड्यात प्रबंध देण्याआधी संदर्भ तपासत होते. सवयीने नानांचं नाव टाकलं. एक नोंद आली. लेखकाच्या जागी, कंसात, नानांचं पूर्ण नाव. खाली टीप: 'नाव छापील नाही. मुलीने लिहिताना पाहिले. साक्ष ग्राह्य.'

धावत त्यांच्या टेबलाशी गेले. खुर्ची रिकामी. मामा निवृत्त होऊन लिंबागणेशला गेले, असं शिपाई म्हणाला. मी परत येऊन 'अज्ञात' खोडलं आणि ती नोंद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. नोंद करणाऱ्याचं नाव तिच्यात कुठेच नव्हतं.